विकलेला माल परत घेतला जाणार नाही?

पुण्याच्या पेठांत, इंदूरच्या राजवाड्याभोवती किंवा वडोदऱ्याच्या मंगळ बाजारात हिंडणाऱ्या ग्राहकाला दोन पाट्या हमखास ओळखीच्या असत. एक, ‘आज रोख, उद्या उधार’ आणि दुसरी, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. पहिल्या पाटीत विनोद होता, दुसरीत दरारा. या दुसऱ्या पाटीला कायद्याचा आधार मात्र फारसा नव्हता. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सदोष माल बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नसल्यास तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तरीही पाटी टिकून राहिली, कारण तिच्यामागे एक साधी व्यवस्था होती. माल गिऱ्हाईकाच्या पिशवीत, पैसे दुकानदाराच्या गल्ल्यात आणि दोघे समोरासमोर. पैसे परत हवे असतील तर माल घेऊन दुकानाची पायरी चढणे भाग होते.

आज असंख्य लहान विक्रेते असा माल विकत आहेत, की जो पिशवीत मावत नाही आणि पायरी चढून परतही येत नाही. ई-पुस्तके, ध्वनिमुद्रित पाठ, संगणकावरील भरतकामाचे नमुने, परीक्षेच्या सराव प्रश्नपत्रिका, खेळांच्या किल्ल्या, छायाचित्रे, लहानमोठ्या संगणक प्रणाली या सर्वांचा या मालात समावेश होतो. तो एकदा उतरवून घेतला की परत करता येत नाही. पैसे मात्र परत जाऊ शकतात, आणि तेही विक्रेत्याला न विचारता. डिजिटल मालाच्या व्यापारातील जोखमीचे मूळ या विषमतेत आहे.

वडोदऱ्यातील एका संगीत शिक्षिकेचे उदाहरण घेता येईल. उदाहरण कल्पित आहे. त्यातील व्यवहाराची रीत मात्र तंतोतंत खरी आहे. बाईंनी हार्मोनियमचे चोवीस पाठ ध्वनिचित्रमुद्रित केले, सोबत स्वरलिपीची पुस्तिका जोडली आणि एका पेमेंट ॲग्रिगेटरच्या साहाय्याने ४,००० रुपयांना हा संच विक्रीस ठेवला. हैदराबादहून मागणी आली, दुबईहून आली, अमेरिकेतील मराठी कुटुंबांतूनही आली. मार्च महिन्यात परदेशी क्रेडिट कार्डावर एक संच विकला गेला. ग्राहकाने दोन रात्रींत सर्व चोवीस पाठ उतरवून घेतले. तीन दिवसांनी रक्कम बाईंच्या बँक खात्यात जमा झाली. जून महिन्यात मात्र ॲग्रिगेटरचा निरोप आला की सदर व्यवहाराबाबत कार्डधारकाने तक्रार नोंदविली असून ४,००० रुपये पुढील जमा रकमेतून वळते करण्यात येत आहेत. म्हणणे मांडावयाचे असल्यास अमुक तारखेपर्यंत पुराव्यासह मांडावे.

बाईंचा पहिला समज असा, की ॲग्रिगेटरने आपल्याला फसविले. दुसरा समज असा, की बँकेने. वस्तुतः दोघांपैकी कोणीही तसे केलेले नसते.

चार्जबॅक म्हणजे काय?

परतावा आणि चार्जबॅक यांत मूलभूत फरक आहे. परतावा विक्रेता देतो. चार्जबॅक मात्र ग्राहक आपल्या बँकेकडे मागतो, आणि ती बँक कार्ड संस्थेच्या नियमांनुसार रक्कम विक्रेत्याच्या बँकेकडून परत खेचते. विक्रेत्याची बँक ती ॲग्रिगेटरच्या नावे टाकते आणि ॲग्रिगेटर विक्रेत्याच्या. या साखळीत विक्रेता सर्वांत शेवटी असल्याने भार त्याच्यावरच येऊन थांबतो.

ही व्यवस्था ग्राहकाच्या रक्षणासाठी जन्माला आली. अमेरिकेत १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टने कार्डधारकाला बिलातील चुकीबद्दल लेखी तक्रार करण्याचा हक्क दिला आणि त्यासाठी साठ दिवसांची मुदत ठरविली. न मिळालेला अथवा ठरल्याप्रमाणे न मिळालेला मालही या ‘चुकी’त गणला जातो. पुढे कार्ड संस्थांनी स्वतःच्या नियमांत ही मुदत वाढविली. व्हिसाच्या नियमांत बहुतेक तक्रारींसाठी ती १२० दिवसांची आहे. मार्चचा व्यवहार जूनमध्ये उपटतो तो यामुळे. तीन दिवसांत खात्यात आलेली रक्कम चार महिन्यांपर्यंत पूर्णतः आपली नसते, हे लहान विक्रेत्याला कोणी सांगितलेले नसते.

तक्रारींचे वर्गीकरणही समजून घेण्याजोगे आहे. व्हिसाने २०१८ पासून त्यांचे चार गट केले आहेत. गैरव्यवहार, मंजुरीविषयक त्रुटी, प्रक्रियेतील चुका आणि ग्राहकाची गाऱ्हाणी, असे ते गट होत. ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ हे पहिल्या गटात येते. ‘माल मिळाला नाही’ किंवा ‘वर्णनाप्रमाणे नव्हता’ हे चौथ्या गटात. प्रत्येक गटाला पुरावा वेगळा लागतो. पहिल्या गटाच्या तक्रारीला ‘माझे पाठ उत्तम आहेत’ हे उत्तर देणे म्हणजे प्रश्न एक आणि उत्तर भलतेच! पुष्कळ विक्रेते याच जागी हरतात.

ओटीपीचे कवच कोठपर्यंत?

भारतात दिलेल्या कार्डांवरील देशांतर्गत ऑनलाइन व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून अतिरिक्त प्रमाणीकरण अनिवार्य केले. त्या वेळी ‘एवढी कटकट कशाला’ अशी कुरकुर व्यापाऱ्यांनीच अधिक केली होती. आज तीच कटकट त्यांचे कवच ठरली आहे. ग्राहकाने ओटीपीने व्यवहार प्रमाणित केला असेल तर ‘मी केलाच नाही’ या तक्रारीची जबाबदारी सामान्यतः विक्रेत्याकडून कार्ड देणाऱ्या बँकेकडे सरकते. परदेशी कार्डांना हे भारतीय बंधन लागू नाही. ज्या परदेशी कार्डावर प्रमाणीकरणाचा टप्पा पार पडलेलाच नाही, त्याची जोखीम विक्रेत्याच्या डोक्यावर राहते. हैदराबादच्या ग्राहकाचे ४,००० आणि परदेशी ग्राहकाचे ४,००० हे खातेवहीत सारखे दिसतात, परंतु त्यांचे वजन सारखे नसते.

शिवाय या कवचाला एक मोठे भगदाड आहे. ओटीपी दिला म्हणजे माल मिळाला असे सिद्ध होत नाही. चौथ्या गटातील गाऱ्हाणी ओटीपीनंतरही येऊ शकतात व येतात.

यूपीआयच्या व्यवहारात ग्राहक स्वतःच पिन घालत असल्याने ‘मी केलाच नाही’ हा प्रकार कमी. तेथील धोके वेगळ्या जातीचे आहेत. त्यांपैकी सर्वांत साधा म्हणजे पैसे पाठविल्याचे बनावट छायाचित्र. ग्राहक मोबाइलच्या पडद्याचे चित्र धाडतो, विक्रेता विश्वासाने फाइलचा दुवा पाठवितो, आणि खात्यात काहीच आलेले नसते. चित्र हा पुरावा नव्हे. खात्यातील जमा हाच पुरावा. दुसरा प्रकार अधिक धूर्त आहे. ग्राहक कार्डाने पैसे भरतो, मग ‘चुकून घेतले, कृपया या यूपीआय क्रमांकावर परत करा’ अशी गळ घालतो. विक्रेता भिडेपोटी पैसे पाठवितो. महिन्याभराने मूळ कार्ड व्यवहारावर चार्जबॅक येतो आणि तेच पैसे दुसऱ्यांदा जातात. परतावा ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने, मूळ व्यवहाराच्या नोंदीवरूनच द्यावा, या नियमाला कितीही गोड विनंतीपुढे अपवाद करू नये.

हिशेबाची बाजू

डिजिटल मालाबाबत एक गोड गैरसमज आहे. दुसरी प्रत काढायला खर्च नाही, मग परत गेले तर नुकसान कसले? बाईंचाच हिशेब मांडून पाहावा. परदेशी कार्डावर ३ टक्के शुल्क गृहीत धरले तर १२० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे २१ रुपये ६० पैसे. हाती पडले ३,८५८ रुपये ४० पैसे. चार्जबॅकमध्ये मात्र पूर्ण ४,००० नावे पडतात, कारण ग्राहकाने तेवढे दिले होते. तक्रार हाताळण्याचे शुल्क ५०० रुपये धरले तर बाईंच्या खिशातून ६४१ रुपये ६० पैसे गेले. एक संच विकून त्या विक्रीआधीपेक्षा गरीब झाल्या. जाहिरातीचा खर्च यात धरलेला नाही. पाठ त्या ग्राहकापाशीच राहिले हेही धरलेले नाही.

याहून गंभीर गोष्ट प्रमाणाची. कार्ड संस्था दर महिन्याला एकूण व्यवहारांशी तक्रारींचे प्रमाण मोजतात आणि ते वाढलेल्या व्यापाऱ्यांवर देखरेख ठेवतात. त्याचा दाब ॲग्रिगेटरवर येतो, आणि ॲग्रिगेटर आपल्या करारानुसार लहान विक्रेत्याची काही रक्कम राखून ठेवतो किंवा सेवाच बंद करतो. महिन्याला तीस संच विकणाऱ्या बाईंच्या तीन तक्रारी म्हणजे दहा टक्के! मोठ्या दुकानाला न जाणवणारी ठेच लहान विक्रेत्याला आडवी पाडते. वाणिज्य शाखेत ज्याला ‘तरतूद’ म्हणतात, ती मोठ्या कंपन्या संभाव्य परताव्यांसाठी ताळेबंदात करतातच. लहान विक्रेत्यानेही विक्रीचा काही हिस्सा चार महिने तरी वेगळ्या बचत खात्यात हात न लावता ठेवला तर जूनचा निरोप मार्चइतकाच शांतपणे वाचता येतो.

मोठ्यांच्याही वाटेत हेच काटे

हा प्रश्न केवळ लहानांचा आहे असे नाही. ‘फॅक्टोरिओ’ या संगणकीय खेळाचे निर्माते, चेक प्रजासत्ताकातील वूबे सॉफ्टवेअर, यांच्या संकेतस्थळावरून चोरीच्या कार्डांनी खेळाच्या किल्ल्या विकत घेतल्या गेल्या आणि त्या जी-टू-ए या बाजारपेठेत स्वस्तात फिरल्या. मूळ कार्डधारकांनी साहजिकच तक्रारी केल्या. किल्ल्याही गेल्या, पैसेही गेले आणि चार्जबॅकचे शुल्क अंगावर पडले. पुढे तपासणीत १९८ किल्ल्या अशा रीतीने त्या बाजारपेठेत विकल्या गेल्याचे निष्पन्न झाले आणि २०२० मध्ये जी-टू-एने वूबेला ३९,६०० डॉलर दिले. आधीच जाहीर केलेल्या आश्वासनानुसार ही रक्कम चार्जबॅकच्या नुकसानीच्या दहापट होती. अशी भरपाई मिळणे हा विरळा योग. बहुतेकांना चोरीचा माल कोठे गेला याचा पत्ताही लागत नाही.

लेखकांची कथा याहून वेगळी आहे, कारण तेथे चोर कोणीच नव्हता. ऑडिबल या श्राव्य पुस्तकांच्या सेवेत सदस्यांना ३६५ दिवसांपर्यंत पुस्तक बदलून घेण्याची मुभा होती. ऐकून संपविलेले पुस्तक परत केले की लेखकाचे मानधन कापले जाई, आणि हिशेबात ही कपात स्वतंत्र दिसत नसे. २०२० च्या अखेरीस ती उजेडात आली तेव्हा लेखकांत असंतोष उसळला. परिणामी १ जानेवारी २०२१ पासून सात दिवसांनंतर परत केलेल्या पुस्तकाचे मानधन न कापण्याचे कंपनीने मान्य केले. किंडलच्या ई-पुस्तकांबाबतही हेच घडले. सात दिवसांत वाचून परत करण्याची युक्ती समाजमाध्यमांवर पसरली आणि काही लेखकांना आपल्या हिशेबात चक्क वजा आकडे दिसू लागले. अमेरिकेतील ऑथर्स गिल्डच्या पाठपुराव्यानंतर ॲमेझॉनने सप्टेंबर २०२२ मध्ये धोरण बदलण्याचे जाहीर केले. दहा टक्क्यांहून अधिक वाचलेले पुस्तक ग्राहकाला आपोआप परत करता येणार नाही, असे ठरले.

या दहा टक्क्यांत एक मोलाचा विचार आहे. ‘किती दिवस झाले’ यापेक्षा ‘किती वापरले’ हे माप डिजिटल मालाला अधिक न्याय्य आहे. स्टीम या खेळविक्रीच्या सेवेने जून २०१५ मध्ये दोन्ही मापे एकत्र केली. खरेदीपासून चौदा दिवस आणि प्रत्यक्ष खेळणे दोन तासांपेक्षा कमी असेल तर परतावा विनासायास. त्याआधी ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने परतावे नाकारल्याबद्दल स्टीमच्या मालक कंपनीला न्यायालयात खेचले होते. २०१६ मध्ये तिला तीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. ‘परतावा नाही’ एवढे दोन शब्द लिहून सुटका होत नाही, हे जगभरच्या विक्रेत्यांनी त्यावरून ओळखावे.

कायदा काय म्हणतो?

भारतातील ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० डिजिटल उत्पादनांनाही लागू आहेत. माल सदोष असेल किंवा जाहिरातीतील वर्णनाशी जुळत नसेल तर परतावा नाकारता येत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि महिन्याभरात निवारण करावे, असे त्यांत नमूद आहे. युरोपीय संघातील ग्राहकाला ऑनलाइन खरेदीनंतर चौदा दिवसांत कारण न देता मागे फिरण्याचा हक्क आहे. परंतु डिजिटल मजकूर तत्काळ मिळावा अशी स्पष्ट संमती देऊन आणि त्यामुळे हा हक्क संपतो हे मान्य करूनच त्याने तो उघडला असेल तर हक्क उरत नाही. म्हणून जर्मनी वा नेदरलँड्समधील मराठी कुटुंबाला पाठ विकणाऱ्या बाईंच्या पानावर ती संमतीची चौकट असणे अगत्याचे, आणि ती आधीपासून खूण केलेली नसावी.

सर्वच तक्रारदार लबाड असतात असे मानणेही चुकीचे. पुष्कळदा घरातील मुलाने खेळताना खरेदी केलेली असते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशाच, पालकांच्या संमतीविना झालेल्या खरेदीबद्दल २०१४ मध्ये ॲपलला किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करावयास लावले. पुष्कळदा सदस्यत्व आपोआप नव्याने सुरू झालेले असते. भारतात २०२१ पासून अशा आवर्ती वसुलीपूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाणे बंधनकारक झाले, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी सदस्यत्वाचा सापळा रचणे हे फसव्या रचनांच्या यादीत टाकले. आणि पुष्कळदा कारण हास्यास्पद वाटावे इतके क्षुल्लक असते. कार्डाच्या विवरणपत्रात बाईंच्या वर्गाचे नाव नसून त्यांच्या यजमानांच्या नावे नोंदविलेल्या पेढीचे नाव छापले जाते; ग्राहकाला ते आठवत नाही आणि तो बँकेला फोन करतो. विवरणपत्रातील नाव बदलून घेण्यास ॲग्रिगेटरकडे एक अर्ज पुरतो.

चिडून ग्राहकाचे खाते बंद करून टाकण्याचा मोहही आवरावा. ‘फोर्टनाइट’ या खेळाच्या कंपनीवर असलेल्या आरोपांत, कार्ड कंपनीकडे तक्रार करणाऱ्यांची खाती तिने बंद केली, हाही एक आरोप होता. त्या प्रकरणात तिला २४ कोटी ५० लाख डॉलर भरण्याचे मान्य करावे लागले.

पुरावा कोणता जपावा?

व्हिसाच्या नियमांत डिजिटल मालासाठी पुराव्याचे स्वरूप सांगितलेले आहे. मालाचे वर्णन, तो उतरवून घेतल्याची तारीख व वेळ, आणि जोडीला ग्राहकाचा आयपी पत्ता, उपकरणाची ओळख, ई-मेल, खात्यात प्रवेश केल्याच्या नोंदी यांसारखी किमान दोन प्रमाणे. एप्रिल २०२३ पासून आणखी एक सोय झाली. त्याच कार्डावर १२० ते ३६५ दिवसांपूर्वीचे, गैरव्यवहाराची तक्रार न झालेले दोन व्यवहार असतील आणि त्यांतील आयपी पत्ता अथवा उपकरण धरून दोन तपशील वादग्रस्त व्यवहाराशी जुळत असतील, तर ‘मी केलाच नाही’ हा दावा टिकत नाही. सोय चांगली, परंतु ती जुन्या दुकानाला. पहिल्यांदाच आलेल्या ग्राहकाबाबत नव्या विक्रेत्याला तिचा काडीचाही उपयोग नाही.

याचसाठी संपूर्ण संच एका दुव्यातून देण्याची पद्धत सोडावी. पाठ प्रवेशनामामागे ठेवावेत, टप्प्याटप्प्याने उघडावेत आणि पहिले दोन पाठ विनामूल्य ऐकू द्यावेत. ज्याला पसंत नाही तो विकत घेण्यापूर्वीच थांबतो. ज्याने पुढे ऐकले त्याच्या प्रत्येक भेटीची नोंद राहते. पहिल्या आठवड्यात चारपेक्षा कमी पाठ उघडले असतील तर परतावा, असा नियम दर्शनी भागी ठेवला तर रुष्ट ग्राहक बँकेऐवजी बाईंनाच पत्र लिहील. तो परतावा चार्जबॅकपेक्षा निश्चित स्वस्त पडतो.

शाखेत येणारा आणखी एक प्रसंग येथे सांगावयास हवा. फसवणुकीचे पैसे वापरून कोणी संच विकत घेतला, मूळ पीडिताने १९३० या क्रमांकावर तक्रार केली आणि पैशाचा माग बाईंच्या खात्यापर्यंत आला, तर तेवढ्या रकमेवर, प्रसंगी संपूर्ण खात्यावरही, पोलिसांच्या सूचनेवरून निर्बंध येऊ शकतो. अशा वेळी शाखाधिकाऱ्याला तो स्वतःच्या अधिकारात उठविता येत नाही. त्याच्याशी वाद घालण्यात दिवस दवडू नयेत. तक्रारीचा पोच क्रमांक व संबंधित पोलीस ठाण्याचे नाव शाखेतून घ्यावे आणि बीजक, ग्राहकाशी झालेला पत्रव्यवहार व माल दिल्याची नोंद घेऊन तपास अधिकाऱ्याकडे जावे. विक्रीचे पैसे घरखर्चाच्या खात्यात घेऊ नयेत, स्वतंत्र चालू खात्यात घ्यावेत, हा सल्ला शाखांतून दिला जातो तो अशाच प्रसंगासाठी. निर्बंध आलाच तर मुलांची फी आणि घराचा हप्ता अडकत नाही.

बाईंच्या प्रकरणी तक्रार ‘माल मिळाला नाही’ या सदरातील निघाली. चोवीस पाठ उतरविल्याच्या वेळा, त्यामागील आयपी पत्ता, आणि ‘सातव्या पाठातील भूपाची स्वरलिपी छापताना पुसट येते’ असे त्या ग्राहकानेच धाडलेले पत्र बाईंपाशी होते. उत्तराची मुदत सोमवारी संपत होती. बाईंनी ते शनिवारी पाठविले.